नुसतं नाव बदलून भागत नाही

वर कुणीतरी सुचवलंय की श्रोत्यांनी पाठवलेल्या घरगुती छळाच्या व्हॉइस नोट नाव बदलून आपल्या पॉडकास्टमध्ये ऐकवाव्यात. कोल्हापुरात तेवढं पुरत नाही. ‘२०१९ च्या पुरात घर गेलं, आता माहेरी शिरोळला’ एवढ्यावर अख्खी गल्ली ओळखते, आवाज तर त्याआधीच. गाव, पेठ, नातं काढून नोट लिहून घ्यावी, आपल्यातल्याच कुणी तरी ती वाचावी, आणि ते आधी नोट पाठवणाऱ्या ताईंना ऐकवावं. लैंगिक अत्याचार असेल तर लेखी संमतीशिवाय ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. जीव द्यायची भाषा आली तर एपिसोड राहू दे, लगेच उत्तर द्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कळवा; तिथं मराठीत बोलता येतं. आणि या व्हॉइस नोट ग्रुपवर फॉरवर्ड करू नका राव, गल्लीतल्या तालमीची निम्मी पोरं त्यात आहेत!