मदत हवी आहे: पूलच्या (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) ड्रिलमध्ये, म्हणजे एकच शॉट पुन्हा पुन्हा मारायच्या सरावात, मन टिकत नाही

मित्रांनो, गेम असला की मी तीन तास टेबल सोडत नाही. एकट्याने ड्रिल लावली की वीस मिनिटांत मन उडतं. सध्या स्टॉप शॉटवर अडकलोय. बॉल सरळ रेषेत, अंतर चार डायमंड (टेबलाच्या कडेवरच्या खुणा). क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) समोरच्या बॉलला लागून जागीच थांबायला हवा, पण दहापैकी चार-पाच वेळा वीतभर पुढे सरकतोच. कापडावर घासत जाताना बॅकस्पिन (उलटी फिरकी) कमी होतो, म्हणून लांबून मारताना काठीची टिप बॉलच्या मध्याच्या खाली लागायला हवी. हे कळतं, पण हाताला वळत नाही. सातव्या-आठव्या शॉटनंतर तर मी नुसता मारत सुटतो. तुम्ही दहापैकी किती जमले ते वहीत लिहिता का? की दोन ड्रिल आलटून पालटून करता? मला मनापासून सुधारायचंय, स्वतःचा अनुभव सांगा.