जर्मनीच्या ग्राहकाला टॉवेल पाठवायचेत: ड्युटी किती वेळा लागते, भरायची कोणी?

टेरी_एमआयडीसी
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे. आजवर माल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत बाहेर जायचा, आता पहिल्यांदा थेट ऑर्डर येतेय. ग्राहक जर्मनीचा. सगळा माल हॅम्बुर्गला उतरवायचा, त्यातला काही पोलंडच्या दुकानदारांना आणि काही स्वित्झर्लंडला जाणार. भाव मागितलाय डीडीपी, म्हणजे त्याच्या गोदामाच्या दारापर्यंत सगळं आमच्या गळ्यात. पोलंडच्या हद्दीवर परत ड्युटी लागते का? टॅक्स किती धरायचा? आमचे सीएचए (कस्टम्स एजंट) म्हणतात, न्हावा शेव्यापर्यंत माझं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

निर्यातवाले_काका
आधी डीडीपीचं. देऊ नका. डीडीपीत तिथला आयातदार तुम्ही ठरता. मग युरोपचा ईओआरआय (कस्टम्स नोंदणीचा) नंबर पाहिजे, तिथे व्हॅटची नोंदणी पाहिजे, कस्टम्सपुढे तुमच्या वतीने उभा राहणारा तिथला माणूस पाहिजे. एवढ्या उठाठेवीत टॉवेलमधलं मार्जिन संपून जाईल. एफओबी न्हावा शेवा द्या (जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च आपला), फार तर सीआयएफ हॅम्बुर्ग (तिथल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमाही आपला). माल सोडवायचं काम ग्राहकाचं.

आता पोलंड. युरोपियन युनियन ही 1968 पासून कस्टम्स युनियन आहे. बाहेरच्या कुंपणावर सगळ्यांचा दर एक, आत नाका नाही. आपल्याकडे जकात होती तेव्हा प्रत्येक शहराच्या वेशीवर ट्रक थांबायचा, तसं तिथे होत नाही. हॅम्बुर्गला ड्युटी भरली की माल वॉर्सापर्यंत मोकळा.

कॉटन टेरी टॉवेल कस्टम्सच्या 6302 60 या कोडमध्ये येतो, त्यावर युरोपची साधी ड्युटी 12 टक्के. ती एफओबीवर नाही, सीआयएफवर लागते. समजा हॅम्बुर्ग सीआयएफ 10,000 युरो. ड्युटी 1,200. त्यावर जर्मनीचा आयात व्हॅट 19 टक्के, तोही 11,200 वर, म्हणजे 2,128. (बंदरापासून गोदामापर्यंतचं भाडंही व्हॅटच्या हिशोबात धरतात, इथे सोडून दिलंय.) एकूण 3,328 भरावे लागतात, पण व्हॅट ग्राहकाला परत मिळतो. खरा खर्च 1,200 चाच. आपण बाहेरून ड्युटी लागणारं एखादं मशीन मागवलं की बेसिक ड्युटी अंगावर पडते आणि आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, तोच प्रकार. ग्राहक "12 आणि 19 मिळून 31 टक्के टॅक्स भरतोय, भाव कमी करा" म्हणाला तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

नवी_पेठ_८८
काका, व्हॅट पण सगळीकडे सारखाच का ओ?

निर्यातवाले_काका
नाही. ड्युटी एक, व्हॅट ज्याचा त्याचा. जर्मनी 19, नेदरलँड्स 21, पोलंड 23, हंगेरी 27. पोलंडच्या दुकानदाराला गेलेल्या मालाचा 23 टक्के त्यांच्या तिथल्या हिशोबात येतो, तुमच्या इन्व्हॉइसवर त्याचं काही काम नाही.

रॉटरडॅमकर
मूळचा सोलापूरचा, सध्या इकडे नेदरलँड्समध्ये फॉरवर्डिंगच्या (मालवाहतुकीच्या) कामात आहे. दोन गोष्टी सांगतो.

ग्राहकाची डच नोंदणी असेल तर हॅम्बुर्गऐवजी रॉटरडॅमचा विचार करायला सांगा. इथे 'आर्टिकल 23' चा परवाना असला की आयात व्हॅट बंदरावर रोख भरावा लागत नाही, रिटर्नमध्ये दाखवून तिथेच वजा होतो. त्याचे पैसे अडकत नाहीत, तुमचं पेमेंट लवकर सुटतं.

दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडची, तिच्याकडे वर कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. स्वित्झर्लंड या कस्टम्स युनियनमध्ये नाहीच. शिवाय त्यांनी 1 जानेवारी 2024 पासून औद्योगिक मालावरची ड्युटी काढून टाकलीय, त्यात टॉवेलही आले. तिथे लागतो फक्त 8.1 टक्के व्हॅट. सगळा कंटेनर हॅम्बुर्गला एकदम सोडवला तर स्विसच्या मालावर युरोपचे 12 टक्के उगाच जातील. तो भाग सोडवायचाच नाही, टी-1 ट्रान्झिटवर, म्हणजे युरोपची ड्युटी न भरता, सीलबंद पुढे न्यायचा. त्यासाठी स्विसच्या मालाचं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची पावती) सोलापुरातूनच वेगळं करा. गाठोड्यांवर मार्किंगही वेगळं टाका. माल निघाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

टेरी_एमआयडीसी
हे लाख मोलाचं बोललात! ग्राहकालाही ठाऊक नसणार. पण युरोपशी आपला करार झाला ना? मग 12 टक्के कशाला?

निर्यातवाले_काका
वाटाघाटी संपल्याची घोषणा जानेवारी 2026 मध्ये झाली. घोषणेने ड्युटी जात नसते, करार लागू व्हावा लागतो. जीएसपीची (विकसनशील देशांना युरोप देतो ती) ड्युटी सवलतही गृहीत धरून भाव देऊ नका, ती यादी ब्रुसेल्सवाले मधूनमधून बदलतात. कोटेशन द्यायच्या दिवशी 'टारिक' या युरोपच्या ड्युटी दरांच्या साइटवर 6302 60 00 आणि देश भारत टाकून दर बघा, फुकट आहे. आणि कोटेशनमध्ये एक ओळ टाका: ड्युटीतला चढउतार ग्राहकाकडे.

चादरवाली_ताई
आमच्या चादरी जातात म्हणून विचारते. सोलापुरी चादरीला कोणता कोड घालायचा यावर आमच्याकडे दरवेळी वाद होतो. कोण ब्लँकेट म्हणतं, कोण बेडस्प्रेड.

रॉटरडॅमकर
ताई, वाद इथेही होतो, आणि 6301 (ब्लँकेट) की 6304 (बेडस्प्रेड) यावर दर बदलू शकतो. ग्राहकाला त्याच्या कस्टम्सकडून 'बाइंडिंग टॅरिफ इन्फर्मेशन', म्हणजे कोडचा लेखी निर्णय, घ्यायला सांगा. एका देशाने दिलेला निर्णय सगळ्या युनियनमध्ये तीन वर्षं चालतो. सोबत चादरीचा नमुना आणि कापडाची माहिती नीट द्या.

दुबई_लाइन
एवढं डोकं खाण्यापेक्षा दुबईला पाठवा की ओ. भारत-यूएईचा सेपा व्यापार करार मे 2022 पासून लागू आहे, टेक्स्टाइलला ड्युटी शून्य.

निर्यातवाले_काका
दुबईतच विकायचं असेल तर बरोबर. आखाती देशांचीही 2003 पासून कस्टम्स युनियन आहे, बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर 5 टक्के. पण सेपाची सवलत फक्त यूएईची. तोच टॉवेल रियाधला गेला की सौदी आपली ड्युटी मागणार, वर 15 टक्के व्हॅट. एका दारातून फुकट शिरलो म्हणून सगळं घर मोकळं होत नाही.

टेरी_एमआयडीसी
कळलं. एफओबीच देतो आणि स्विसची कागदपत्रं वेगळी करतो. शेवटचं एक: ग्राहकाला कुरिअरने सॅम्पल पाठवायचेत, त्यावर पण ड्युटी?

रॉटरडॅमकर
विकता येणार नाहीत असे करून पाठवा. प्रत्येक पीसला कात्रीने चांगली मोठी चीर मारा किंवा पुसता न येणाऱ्या शाईने मधोमध 'सॅम्पल' छापा. नगण्य किमतीचा नमुना म्हणून सुटतो. अख्खा गुळगुळीत टॉवेल दिसला की अधिकाऱ्याला विक्रीचा माल वाटतो. इन्व्हॉइसवर शून्य किंमत मात्र लिहू नका, खरी जी असेल ती लिहा. शून्य दिसलं की पार्सल अडकलंच.

नवी_पेठ_८८
विषयांतर करतो, माफी असावी. पोरगं म्युनिकला शिकतंय, त्याला चादर आणि शेंगा चटणी पाठवायचीय. त्यावर पण 12 टक्के?

रॉटरडॅमकर
घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत ड्युटी-व्हॅटमधून सुटते. डब्यात काय काय आहे ते सविस्तर लिहा, नुसतं 'फूड' नको. चटणी, कडक भाकरी चालतील. पेढे किंवा खव्याचं काही घालू नका, दुधाचे पदार्थ खाजगी पार्सलमधून चालत नाहीत, सापडले तर फेकून देतात.