मेयरचा साका म्हणजे अल्कलॉइडच असं नाही
अनेकदा म्हटलं जातं की वनस्पतीच्या काढ्यात मेयर अभिकारक (अल्कलॉइड ओळखायचं पाऱ्याचं द्रावण) टाकल्यावर पांढरट साका पडला, म्हणजे अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त, अल्कधर्मी संयुग) नक्की. इतकं सरळ नाही. प्रथिनंही तसाच साका देतात. उलट कॅफीन अल्कलॉइड असूनही मेयरला दाद देत नाही.

अर्क आधी साफ करा. वनस्पतीची 5 ग्रॅम भुकटी 50 मिली 2 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून गाळा, अमोनियाने सामू (pH) 9-10 वर आणा आणि क्लोरोफॉर्ममध्ये दोनदा काढा. अल्कलीत अल्कलॉइड मुक्त होऊन क्लोरोफॉर्मकडे जातं. प्रथिनं, टॅनिन (वनस्पतीतली तुरट द्रव्यं) बहुतेक पाण्यात मागे राहतात. मग क्लोरोफॉर्मच्या थरातलं अल्कलॉइड विरल सल्फ्युरिक आम्लात परत घ्या. इथे हायड्रोक्लोरिक नको, कारण काही अल्कलॉइडांची हायड्रोक्लोराइडं क्लोरोफॉर्ममध्येच विरघळून राहतात. चाचणी या आम्लाच्या थरावर.

जोरात हलवू नका. सॅपोनिन (साबणासारखं फेसाळणारं द्रव्य) असलं तर दोन्ही द्रव मिसळून असं दुधाळ पायस (इमल्शन) होतं की थर सुटता सुटत नाहीत.

दारुहळदीतलं बर्बेरिन मात्र या वाटेने निसटतं. ते चतुर्थक, म्हणजे त्याच्या नायट्रोजनवर कायम धन प्रभार असतो, म्हणून अल्कलीतही पाण्यातच राहतं. म्हणून पाण्याचा थर फेकू नका, आम्लधर्मी करून वेगळा तपासा. आणि मेयरमध्ये पारा असतो, उरलेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही.