टीसीएसएच, बॅश आणि क्रॉन : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळीकडे सारखे कसे ठेवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमच्या विभागाच्या सामायिक लिनक्स सर्व्हरवर मराठी शब्दसूची अकारविल्हे लावणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याला दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी नाव-मूल्याची जोडी) लागतात : अक्षरक्रमासाठी एलसी_ऑल, ज्याचे मूल्य एमआर_आयएन.यूटीएफ-८ असे आहे, आणि वेगळ्या ठेवलेल्या लायब्ररीसाठी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या तयार कोडसाठी) एलडी_लायब्ररी_पाथ. जुन्या खात्यांना टीसीएसएच शेल (आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आहे, नव्यांना बॅश, आणि एकदोघांनी आपणहून झेडशेल घेतले आहे.

बॅश आणि झेडशेलमध्ये ‘एक्सपोर्ट’ लिहून, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता मूल्य दिले की काम होते. टीसीएसएचला ही आज्ञाच ठाऊक नाही. तिथे ‘सेटएन्व्ह’ लिहून नाव आणि मूल्य यांमध्ये चिन्हाऐवजी फक्त जागा सोडावी लागते. इथवर ठीक आहे, परंतु लायब्ररीच्या जुन्या मार्गाला नवा मार्ग जोडणारी ओळ डॉट-टीसीएसएचआरसी या, शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये घातली, तर ज्यांच्याकडे ते व्हेरिएबल आधीपासून नाही त्यांना लॉगिन करतानाच ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ ही त्रुटी येते.

याहून त्रासदायक भाग रात्रीच्या क्रॉनचा (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेचा) आहे. दिवसा हाताने चालवल्यावर ‘ळ’ने सुरू होणाऱ्या नोंदी ‘ह’नंतर येतात, मात्र क्रॉनच्या यादीत त्या ‘ल’ला लागूनच बसतात. सर्व शेलना चालेल अशी एकच फाइल करता येईल का?

उत्तर :

अशी एकच फाइल करण्याच्या नादी लागू नये, कारण सी-शेलचे कुळ (टीसीएसएच) आणि बोर्न शेलचे कुळ (एसएच, बॅश, झेडशेल) यांचे व्याकरणच वेगळे आहे. टीसीएसएचमधील त्रुटीपुरते सांगायचे, तर व्हेरिएबलच्या नावाआधी डॉलर व प्रश्नचिन्ह लावून ते अस्तित्वात आहे का, हे आधी तपासता येते.

क्रॉनचे कारण निराळे आहे. क्रॉन लॉगिन शेल उघडत नाही, आपली डॉट-फाइल वाचत नाही आणि काम एसएच या साध्या शेलकडे सोपवतो. एलसी_ऑल न मिळाल्याने प्रोग्रॅम सी लोकॅलवर (कोणत्याही भाषेचे नियम नसलेल्या मूळ मांडणीवर) उतरतो आणि युनिकोडमधील क्रमाने नोंदी लावतो. तिथे ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक आहे.

व्हेरिएबल हे शेलचे नव्हे, तर प्रोसेसचे (चालू असलेल्या प्रोग्रॅमचे) असते आणि प्रत्येक नव्या प्रोसेसला त्याची प्रत मिळते. म्हणून प्रोग्रॅमभोवती छोटी वेष्टन-स्क्रिप्ट लिहावी : पहिल्या ओळीत ‘बिन’ डिरेक्टरीतील एसएचचा मार्ग, मग दोन्ही व्हेरिएबलांचे एक्सपोर्ट आणि शेवटी ‘एक्झेक’ने (स्क्रिप्टच्या जागी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या आज्ञेने) मूळ प्रोग्रॅम. बोलावणारा टीसीएसएच असो, झेडशेल असो वा क्रॉन, ती स्क्रिप्ट चालवणारा एसएचच असतो. केवळ एकदाच चालवायचे असेल, तर ‘एन्व्ह’ ही आज्ञा सर्व शेलमध्ये सारखीच लिहिली जाते.

लायब्ररीच्या मार्गाबाबत एक काळजी घ्यावी. जुने मूल्य रिकामे असताना विसर्गासारखा कोलन टोकाला उरला, तर लोडर (लायब्ररी शोधून प्रोग्रॅमला जोडणारा भाग) त्याचा अर्थ चालू डिरेक्टरी असा घेतो, आणि सामायिक सर्व्हरवर ते धोक्याचे आहे. जुने मूल्य असेल तरच कोलन जोडावा. तसेच ‘लोकॅल’ आज्ञेला वजा-ए देऊन मराठी लोकॅल त्या यंत्रावर खरोखर बसवलेले आहे ना, हे पाहून घ्यावे. ते नसेल तर एलसी_ऑल बिनचूक लिहूनही क्रम बदलणार नाही.