प्रार्थनेची जपानी वेगळी शिकावी लागते

'एन३ (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पास झालेल्या मिशनरीलाही जपानी चर्चमधली प्रार्थना कळत नाही,' असं म्हणतात. अगदी खरं. रोजच्या बोलण्यात नाव म्हणजे 'नामाए', प्रार्थनेत मात्र 'मिना'. वचनासाठी 'कोतोबा' नाही, 'मिकोतोबा'. हा आदराचा 'मि' भाषाशाळेत फारसा भेटत नाही.

प्रोटेस्टंट चर्चमधला ठरलेला शेवट आधी पाठ करा: 'इएसु किरिसुतो नो मिना नि योत्ते इनोरिमासु, आमेन.' मग फुरिगानाचं, म्हणजे कांजीशेजारी (चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांशेजारी) बारीक काना (उच्चार दाखवणारी जपानी अक्षरं) छापलेलं बायबल घेऊन रोज पाचच वचनं मोठ्यानं वाचा. मनातल्या मनात वाचलं की दीर्घ स्वर हमखास निसटतात, आणि 'ओबासान'ची (काकू) 'ओबाआसान' (आजी) झाली तर समोरची बाई दुखावते. प्रभूसाठीचा 'शु'ही सांभाळा. त्याला 'जिन' जोडलं की अर्थ होतो नवरा.