स्कॉटलंडमधील चेटूक-खटल्यांचे संशोधन सर्वांसाठी खुले करणे चूक कसे?

मृणालिनी (एडिनबरा)
श्रीनिवास यांनी काल लिहिले की एडिनबरा विद्यापीठाने चेटूक-खटल्यांचा डेटाबेस 2003 साली सर्वांसाठी खुला करायला नको होता. त्यातून पर्यटकांच्या भुताटकीच्या सहली आणि भडक मथळेच निघाले, त्यामुळे धर्मेतिहास अभ्यासकांच्या नियतकालिकांतच राहावा, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून गप्प बसवले नाही. 1563 चा चेटूकविरोधी कायदा 1736 मध्ये रद्द होईपर्यंत ज्यांच्यावर आरोप झाले अशा 3,837 जणांची नोंद तिथे आहे आणि त्यांत सुमारे 84 टक्के स्त्रिया आहेत. ती खुली नसती तर आरोपींची ठिकाणे दाखवणारा 2019 चा नकाशा झाला नसता, फाइफमधल्या एखाद्या खेड्यातल्या बाईला आपल्याच गावात कोणाला धरून नेले होते हे कळले नसते. मार्च 2022 मध्ये स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी सरकारतर्फे आणि मे महिन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने जी माफी मागितली, तिच्यामागच्या मागणीला तरी दुसरा कोणता आधार होता?

श्रीनिवास
माफीला माझा विरोध नाही. पण 2,500 जणांना ठार मारले हा आकडा जो तो ठामपणे सांगतो, आणि त्याच डेटाबेसात शिक्षा काय झाली हे जेमतेम 305 प्रकरणांत कळते, ज्यांपैकी 205 मृत्युदंडाची आहेत. बाकी सारा अंदाज आहे. ‘चर्चने बायकांना जिवंत जाळले’ हे वाक्यही असेच पसरले आहे. पाळक आणि चर्चची वडीलमंडळी मिळून होणारे कर्क सेशन साक्षी गोळा करीत असे, परंतु खटला चालवण्याचा अधिकार प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) किंवा संसदेने नेमलेल्या आयोगांना आणि राजसत्तेच्या न्यायालयांना होता, आणि बहुतेकींना आधी गळा आवळून मारीत व मग प्रेत जाळीत. नकाशावरचा ठिपका आरोपीचे राहते ठिकाण दाखवतो, तरी लोक तिथे चिता कल्पून फोटो काढतात. आरोपींत सुईणी आणि वैदू फार थोड्या होत्या, पण ऐकणार कोण?

मृणालिनी
यांपैकी जवळजवळ प्रत्येक दुरुस्ती तुम्हाला त्याच संशोधकांनी खुली ठेवलेल्या माहितीतून मिळाली आहे. 305 हा आकडा त्यांनीच दिला आणि त्यावरून निघणारे प्रमाण सरसकट लावू नका असेही त्यांनीच बजावले आहे. वाचणाऱ्याने अर्धेच वाचले म्हणून पुस्तकालाच कुलूप लावायचे का?

सॅम्युएल (दापोली)
चेटकिणींचे तुम्ही बघा; माझे दुखणे वेगळे आहे. 1823 पासून स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे बाणकोट आणि हर्णै इथे होती. 1829 मध्ये मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले आणि चर्च ऑफ स्कॉटलंडमधल्या 1843 च्या फुटीनंतर ते सहकाऱ्यांसह फ्री चर्चमध्ये गेले, तेव्हा नवी इमारतही त्यांना सोडावी लागली. आमच्या घराण्याची सुरुवात याच काळातली. एका परदेशी संग्रहाला मी पणजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीविषयी विचारले, तर प्रत्यक्ष या, असे उत्तर आले. त्या काळावरचा लेख सापडला, पण तो पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हता आणि एवढ्या पैशांत घरचा महिन्याचा किराणा आला असता. श्रीनिवास, ही तुमची अभ्यासकांची नियतकालिके.

वैशाली
सॅम्युएलभाऊ, त्या मिशनऱ्यांनी मायदेशी पाठवलेली पत्रे बहुतेक देणगीदारांचे मन वळवण्यासाठी लिहिलेली असत. 1839 मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि शाळेतली मुले भराभर निघून गेली. ती पत्रे टीपेविना लोकांपुढे टाकली तर आज पुन्हा डोकी भडकतील. आमच्या गावात जुन्या मिशन-अहवालातला एकच उतारा मोबाइलवर फिरला आणि दोन घरांचे जाणे-येणे तुटले.

सॅम्युएल
म्हणजे कोणाचे डोके भडकू नये म्हणून माझा पणजोबा कपाटात राहणार? टीप लिहायला कोणी अडवले आहे? तुमच्याकडे पोथ्या, कुळाच्या वह्या, सनदा आहेत. आमचा पुरावा एवढाच आहे आणि तो समुद्रापलीकडे आहे. हा शहाणपणा मला शिकवू नका.

वैशाली
आवाज चढवायची गरज नाही. नोंदवह्या खुल्या करा, त्याला मी कधीच हरकत घेतली नव्हती. मी बोलत होते ते पत्रांबद्दल.

श्रीनिवास
नोंदवह्यांपुरते मलाही मान्य करावे लागेल. 2021 मध्ये कर्क सेशनच्या वह्यांची दहा लाखांवर पाने मोफत पाहायला ठेवली गेली, हे चांगले झाले. पण सतराव्या शतकातले ते हस्ताक्षर किती जणांना लागते? पान उघडले म्हणजे संशोधन लोकांपर्यंत पोहोचले, हे मी मानत नाही.

मृणालिनी
ते हस्ताक्षर वाचायला शिकवणारे धडे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोफत दिले आहेत. आणि जाणकारांच्या कपाटाची गोष्ट ऐका. चेटकाचा आरोप असलेली, फाइफमधल्या टॉरीबर्नची लिलियस एडी 1704 मध्ये कोठडीतच मेली. तिला भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात पुरून वर जड शिळा ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात हौशी संग्राहकांनी तिची हाडे उकरून नेली. कवटी विद्वानांच्या हाती फिरली आणि पुढे नाहीशी झाली. उरली ती छायाचित्रे. त्यांवरून 2017 मध्ये डंडी विद्यापीठाने तिचा चेहरा घडवला आणि तो सर्वांना दाखवला, म्हणून 2019 मध्ये फाइफच्या लोकांनी तिच्या हाडांचा शोध सुरू केला. तो चेहरा एखाद्या नियतकालिकात राहिला असता, तर त्यांनी काय शोधले असते?

श्रीनिवास
लिलियसपुरते तुमचे खरे. तरी 2,500 च्या आकड्यापुढे ‘अंदाजे’ लिहायला वर्तमानपत्रांना भाग पाडा, मग मी बोलणार नाही.