'रन' म्हणजे नुसतं पळणं नाही : तुमचे अनुभव सांगा

आई पासष्टची आहे, नाशिकरोडला आमच्याकडेच असते आणि दिवाळीपासून इंग्रजी शिकतेय, कारण नात अमेरिकेत, तिला मराठी समजतं पण बोलताना इंग्रजीच तोंडात येतं. परवा व्हिडिओ कॉलवर नात म्हणाली 'वी रॅन आउट ऑफ मिल्क'. फोन ठेवल्यावर आईने एवढ्या काळजीने विचारलं, अगं ती दुधासाठी इतक्या थंडीत बाहेर पळत गेली का, सोबत कुणी मोठं नव्हतं का? दूध संपलं, एवढंच होतं ते. मग मी वहीत रनचे समानार्थी शब्द लिहून दिले, धावणे, पळणे, चालवणे, वाहणे, आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की या यादीचा काडीचा उपयोग नाही, कारण हा शब्द एकटा येतच नाही, कुणासोबत आलाय त्यावर सगळं ठरतं. तर तुम्हाला हा शब्द कुठे अडला, कुठे उमगला? अर्थ नकोत, प्रसंग सांगा. आईला वाचून दाखवणार आहे.

*

अंबडहून लिहितोय. आयटीआय करून कंपनीत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर म्हणाले, जॉबचा (म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याचा) रनआउट बघ. मला रनआउट म्हणजे क्रीजबाहेर राहिलेला बॅट्समन, एवढंच माहीत. मी नुसता उभा. मग त्यांनीच दाखवलं, काट्याचा डायल लावायचा, चक (जॉब पकडणारा भाग) हाताने सावकाश फिरवायचा, काटा जेवढा हलतो तेवढा रनआउट, म्हणजे जॉब मध्यावर फिरत नाहीये, बाहेर जातोय. ड्रॉइंगवर लिमिट होती ०.०२ एमएम, म्हणजे २० मायक्रॉन, केसापेक्षा बारीक, आणि तेवढ्यासाठी आख्खा लॉट परत येऊ शकतो. पुढे ड्राय रन शिकलो, नवीन प्रोग्राम टाकला की टूल जॉबला न लावता आधी हवेत फिरवून बघायचं, मग ट्रायल रन, मग प्रॉडक्शन. काकू, तुमच्या दुधाचा, क्रिकेटचा आणि आमचा रनआउट तिन्ही वेगळे, पण तिन्हीत काहीतरी बाहेर गेलंय असं धरा, म्हणजे लक्षात राहील. मी तसंच लक्षात ठेवलं.

*

येवला. घरचा पैठणीचा धंदा. एका परदेशी बाईंनी विचारलं 'विल द कलर रन?' मी सवयीने म्हटलं 'नो मॅडम, फास्ट कलर'. त्यांना पटलं, साडी घेतली. रात्री मात्र माझंच डोकं चालायला लागलं की रंग पळत नाही आणि तरी फास्ट, हे कसं काय? मुलीने डिक्शनरी काढली तर फास्टचा मूळ अर्थच घट्ट, पक्का बसलेला, वेगाचा अर्थ नंतर आलेला. इतकी वर्षं फास्ट कलर म्हणतोय आणि कधी थांबून विचार केला नव्हता. आपल्याकडे रंग जातो, त्यांच्याकडे पळतो.

*

वडील रेल्वेत रनिंग स्टाफमध्ये होते, म्हणजे गाडी चालवणारे. ड्युटी संपली की इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये थांबायचे. लहानपणी मला वाटायचं तिथे पळायचा सराव करतात. एकदा दारातून डोकावले तर अंधार, पंखे चालू आणि रात्रभर गाडी चालवून आलेली माणसं गाढ झोपलेली. अजूनही रनिंग शब्द ऐकला की मला ती शांत खोलीच आठवते.

*

शिवणाच्या क्लासमध्ये रनिंग स्टिच शिकवतात, तो आपला धावदोरा. आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं पण गोधडीवर आयुष्यभर तोच घातला तिने.

*

माझा सगळा वेळ नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जातो (१८४० पासूनचं आहे, नवीन लोकांनी जरूर जा) म्हणून थोडी माहिती. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या २० खंडांच्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, ४३० अर्थ. नव्या संपादनात 'रन' पुढे गेलं, ६४५ अर्थ, आणि ती एक नोंद लिहायला संपादकाला नऊ महिन्यांच्या आसपास लागले. कारण बघा, यंत्रं आली, रेल्वे आली, कॉम्प्युटर आला, जे जे चालू होतं त्या प्रत्येकाला इंग्रजीने रनच लावलं. आपण तिथे चालणे वापरतो, घड्याळ चालतं, दुकान चालतं, आणि बरं आहे म्हणायला पण चालेल. निवडणुकीत गंमत आहे, अमेरिकेत उमेदवार रन करतो, इंग्लंडमध्ये स्टँड, आपणही उभेच राहतो. नातीच्या तोंडी अमेरिकेतलं येणार, तेवढं काकूंना सांगून ठेवा.

*

सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पोरांना रन शिकवायला चित्र लागत नाही, कविता राऊत म्हटलं की झालं. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ. 'कविता रन्स' सगळ्यांनी लिहिलं. पुढचं वाक्य 'द रिव्हर रन्स', मला वाटलं इथे अडतील, मी समजवायची तयारी करून गेलेलो. तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, पहिल्या पावसात नदी पळतच येते, आम्हाला पण पळावं लागतं. मी पुढे काही समजावलंच नाही.

*

आई सांगतेय, मी टाइप करतेय : सगळ्यांचं ऐकलं, अंबडच्या दादांचं दोनदा वाचायला लावलं. वहीतली शब्दांची यादी खोडली, आता पूर्ण वाक्यं लिहिते, कोण म्हणालं ते पण लिहिते. काल नातीने उलटं मलाच विचारलं, आजी, लागली म्हणजे काय, तू दर वाक्यात म्हणतेस. मग बसले सांगायला, भूक लागली, ठेच लागली, झोप लागली, मामाला नोकरी लागली, बस फलाटाला लागली, निकाल लागला, कढी आंबट लागली, मी तुझी आजी लागते. ती भराभरा लिहून घेत होती. सोळा झाले आणि तिकडे तिच्या शाळेची वेळ झाली. उरलेले रविवारी.